चार नवरे, एक काचेचा वाडा आणि हार्डविकची बेस

इंग्लंडला पाहुणे येणार म्हटलं की लिस्ट ठरलेली असते. टॉवर ऑफ लंडन, विंडसर, स्टोनहेंज, वेळ उरलाच तर बाथ नाहीतर ऑक्सफर्ड. त्यात वाईट काहीच नाही, पण मग इतिहास म्हणजे आठवा हेन्री, त्याच्या सहा बायका, कुणाचं डोकं उडवलं आणि कोण वाचली, इथेच गाडी अडते. सहा बायका करणारा राजा सगळ्यांना माहीत असतो. त्याच शतकात चार नवरे करून चौघांनाही पुरून उरलेली एक बाई होती, तिने बांधलेलं घर आजही बरंचसं जसंच्या तसं उभं आहे, आणि तिथे आपली माणसं फारशी दिसत नाहीत. म्हणून ही पोस्ट. बाईचं नाव एलिझाबेथ, पण सगळे तिला बेस ऑफ हार्डविक म्हणतात, आणि घर म्हणजे डर्बीशरमधला हार्डविक हॉल.

एम वन मोटरवेने नॉटिंगहॅमकडून वर शेफील्डकडे निघालात की जंक्शन २९ यायच्या थोडं आधी उजव्या हाताला टेकडीवर दिसतो. सहा बुरूज, आणि भिंत म्हणावी तर सगळ्या खिडक्याच खिडक्या. ऊन पडलेलं असेल तर लांबूनच चमकतो. आई-बाबा आले होते तेव्हा त्यांना घेऊन गेले होते, पार्किंगमधून चालत पुढच्या अंगणात आलो आणि आई पहिलं काय म्हणाली तर, "अगं, एवढ्या काचा पुसतं कोण?" हसू आलं, पण प्रश्न अगदी नेमका होता कारण त्या काळात काच हीच श्रीमंती दाखवायची गोष्ट. काच महाग, हाताने फुगवून केलेली, छोटे छोटे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे. 'हार्डविक हॉलला भिंतीपेक्षा काच जास्त' अशी यमक जुळवलेली म्हणच इंग्रजीत आहे. आणि बेसबाईंनी ही काच कुठून आणली? स्वतःच्या कारखान्यातून. दगड टेकडीच्या पायथ्याच्या स्वतःच्या खाणीतून, शिसंही स्वतःचंच. बाजारभावाने घ्यायला गेली असती तर ती बेस कसली.

बुरुजांच्या टोकाला नीट बघा, दगडात कोरलेली दोन मोठी अक्षरं आहेत, ई आणि एस, वर अर्लच्या, म्हणजे बड्या उमरावाच्या, बायकोला शोभणारा मुकुट. एलिझाबेथ श्रूजबरी, चौथ्या नवऱ्याच्या पदवीवरून. एका बुरुजावर नाही, सहाही बुरुजांवर. बाबा म्हणाले, "हे म्हणजे घरावर नावाची पाटी नाही, नावाच्या पाटीवर घर आहे." पण ती पाटी एवढी मोठी का, हे कळायला तिच्या लहानपणात जावं लागतं, आणि तिथे मुळात मुकुट-बिकुट काहीच नाही.

ती जन्मली साधारण १५२७ साली, ह्याच टेकडीवरच्या एका साध्या घरात. हार्डविक कुटुंब म्हणजे थोडीफार शेतजमीन बाळगून असलेले गावातले बरे लोक, त्यापलीकडे काही नाही. बेस तान्ही असतानाच बाप गेला आणि वारस कोण, तर तिचा भाऊ जेम्स, तोही जेमतेम रांगण्यातून उठलेला. इथे इंग्लंडच्या कायद्यातली एक भयंकर भानगड मध्ये येते. जमीनदार मेला आणि वारस अज्ञान असेल तर तो सज्ञान होईपर्यंत जमिनीचा ताबा राजाकडे जायचा. नुसती जमीन नाही, त्या पोराचं पालकत्व आणि त्याचं लग्न कुणाशी लावायचं तो हक्कसुद्धा. आणि राजा काही स्वतः येऊन नांगर धरणार नव्हता, तो हा हक्क सरळ विकायचा. विकत घेणारा त्या जमिनीतून वसुली करून घ्यायचा, वारस मोठा होईतो जमिनीत काय उरेल ते उरेल. विधवेला तिचा एक तृतीयांश हिस्सा मिळायचा खरा, पण तो हातात पडेपर्यंत चपला झिजायच्या. बेसच्या आईने दुसरं लग्न केलं, पोरी वाढवल्या, आणि घराचं उत्पन्न मात्र दुसऱ्याच्या खिशात. हे सगळं बेसने डोळ्यांसमोर बघितलेलं आहे. माझं म्हणणं असं की पुढची ऐंशी वर्षं ही बाई जे काही करते ना, ते ह्या एका धड्यावरून करते. कागदावर आपलं नाव पाहिजे.

पहिलं लग्न शेजारच्याच बार्लो कुटुंबातल्या रॉबर्टशी. नवरा बेसपेक्षाही लहान, पोरगाच म्हणा, आणि १५४४ च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशी तो वारला. वारस परत अज्ञान, रॉबर्टचा धाकटा भाऊ, म्हणजे परत तीच भानगड, ताबा परक्याकडे. विधवेचा तिसरा हिस्सा द्यायला पालकाने टाळाटाळ केली तर सतरा-अठरा वर्षांची ही पोरगी कोर्टात गेली. मिळालेली रक्कम किरकोळ होती पण मिळवली.

दुसरा नवरा मात्र वेगळ्याच लेव्हलचा. सर विल्यम कॅव्हेंडिश, राजाच्या खजिन्यातला मोठा अधिकारी, वयाने तिच्या दुप्पट, आधी दोन बायका वारलेल्या. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले तेव्हा त्या मठांच्या मालमत्तेच्या याद्या करायला, ताबे घ्यायला जी माणसं पाठवली त्यातला हा एक, त्यामुळे कुठली जमीन कुठे स्वस्तात मिळेल ते ह्याला तोंडपाठ. लग्न झालं २० ऑगस्ट १५४७ ला, लेस्टरशरमधल्या ब्रॅडगेटला, ग्रे कुटुंबाच्या घरी, आणि वेळ कोणती तर मध्यरात्रीनंतर दोन. हे आपल्याला कसं माहीत? कॅव्हेंडिशनेच वहीत लिहून ठेवलंय. मुलांचे जन्मही तसेच नोंदवलेत, वार, तास आणि धर्ममाता-धर्मपिता कोण कोण. आता ती यादी वाचायची तर जरा शांतपणे वाचा. थोरल्या हेन्रीची धर्ममाता राजकन्या एलिझाबेथ. नंतरच्या चार्ल्सची धर्ममाता राणी मेरी. म्हणजे एक प्रोटेस्टंट, एक कट्टर कॅथलिक, उद्या कुणीही गादीवर आलं तरी आपल्या घरात त्यांचं एक धर्मलेकरू आहेच. ह्याला म्हणतात दोन्ही डगरींवर हात.

१५४९ मध्ये ह्या दोघांनी चॅट्सवर्थ घेतलं, ६०० पाउंडांना. होय तेच चॅट्सवर्थ, जिथे आज टूरिस्ट बसेसची रांग लागते (आजचं घर नंतरचं आहे, बेसच्या काळातलं तिथे टेकडीवरचा शिकारीचा मनोरा वगैरे एवढंच शिल्लक). कॅव्हेंडिशने दक्षिणेकडच्या जमिनी काढून डर्बीशरमध्ये घ्यायला सुरुवात केली, बायकोच्या माहेराजवळ, आणि खरेदीखतं केली ती दोघांच्या नावावर. आपल्याकडे सातबाऱ्यावर बायकोचं नाव चढवायचं म्हणजे आजही घरात दोन दिवस अबोला, आणि हे सोळाव्या शतकात. त्याने प्रेमाने केलं म्हणा किंवा बेसने करून घेतलं म्हणा, हिशेब पक्का होता. नवरा गेला तरी जमीन हिची, म्हणजे पोरगं अज्ञान राहिलं तरी राजाला हात घालायला जागा नाही.

ह्या काळातलं बेसचं एक पत्र आहे १५५२ च्या नोव्हेंबरातलं, ते मला फार आवडतं. ती लंडनला, आणि चॅट्सवर्थवर कारभारी फ्रान्सिस व्हिटफील्ड. त्याला लिहितेय की घराची कामं बघ, माझ्यासाठी आणि साहेबांसाठी ताबडतोब बिअर पाडून ठेवायला सांग, आणि मग आवाज चढतो, माझ्या बहिणीला जेनला तिच्या खोलीत साध्या गरजेच्या वस्तू मिळत नाहीत असं कानावर आलंय, माझ्या घरात माझ्या बहिणीची ही अवस्था असेल तर ती मला सहन होणार नाही. वय पंचविशीच्या आसपास. स्पेलिंग मनाला येईल तसं, त्या काळी सगळ्यांचंच तसं, पण टोन असा की फ्रान्सिसला वाचतानाच घाम फुटला असेल. राजेराण्यांची चित्रं बघून जे कळत नाही ते असल्या एका कागदात कळतं, माणूस कसा बोलत होता ते.

मग १५५७. खजिन्याच्या हिशेबाची तपासणी निघाली आणि कॅव्हेंडिशच्या खात्यात पाच हजार पाउंडांहून जास्त तफावत सापडली. ही रक्कम म्हणजे, वर चॅट्सवर्थची किंमत सांगितलीय, तुम्हीच भागून बघा. २५ ऑक्टोबरच्या रात्री आठ-नऊच्या दरम्यान तो गेला. बेसने वहीत नोंद केली, माझा अतिशय लाडका नवरा गेला, देव त्याच्या आत्म्यावर दया करो आणि मला व त्याच्या गरीब लेकरांना ह्या मोठ्या संकटातून सोडवो. पदरात सहा मुलं, आणि नवऱ्याचं कर्ज थेट राणीला देणं. जमिनी विकून टाकणं हा सोपा मार्ग होता. विकल्या नाहीत. वसुलीसाठी पार्लमेंटमध्ये कायदा यायला लागला तर ओळखीपाळखीच्या सगळ्यांना कामाला लावून तो अडवायच्या मागे लागली.

तिसरा नवरा सर विल्यम सेंट लो, एलिझाबेथ राणीच्या रक्षकदलाचा कप्तान, सगळ्यात बिचारा आणि बहुतेक सगळ्यात प्रेमळ. त्याच्या राणीजवळच्या वजनामुळे ते कर्ज शेवटी हजार पाउंडांवर मिटलं. १५६५ ला तोही गेला, सगळं बेसच्या नावावर करून. त्याच्या भावाने विष घातलं असा तेव्हा संशय होता, सिद्ध काही झालं नाही.

आता चौथा, जॉर्ज टॅलबट, श्रूजबरीचा सहावा अर्ल, देशातल्या सगळ्यात श्रीमंत उमरावांपैकी एक. १५६७ ला लग्न, आणि त्याच्याच अटीशर्तींमध्ये पुढच्या फेब्रुवारीत शेफील्डला मुलांची लग्नं. बेसची मुलगी मेरी, वय १२, अर्लच्या मुलाला गिल्बर्टला. आणि बेसचा थोरला हेन्री अर्लच्या मुलीला ग्रेसला, तिचं वय ८. म्हणजे चक्क साटंलोटं, त्यात आणि आई-बापांचंही आपसात लग्न. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली की नाती सांगताना पंचाईत होत असणार, सासू कोण आणि सावत्र आई कोण.

ह्या लग्नांच्या वेळी केलेलं टेबल हार्डविकला वरच्या मोठ्या दालनात ठेवलंय, एग्लंटाइन टेबल म्हणतात. त्याच्यावर लाकडात लाकूड बसवून काय काय काढलंय ते बघायला जवळ वाका (हात नका लावू, खोलीतल्या आजीबाई लगेच खाकरतात). सारंगीसारखी वाद्यं, बासऱ्या, पत्ते, सोंगट्यांचा पट, मधेच स्वरलिपी, आणि दोन्ही घराण्यांची चिन्हं. मी तिथे इतका वेळ उभी राहिले की बाबा पुढची दोन दालनं बघून परत आले.

लग्नाला वर्ष-दीड वर्ष होतंय तोच राणीने ह्या जोडप्याला एक कामगिरी दिली. स्कॉटलंडची राणी मेरी (वरची इंग्लंडची राणी मेरी वेगळी) गादी सोडून पळून इंग्लंडला आली होती, तिला सांभाळायचं. सांभाळायचं म्हणजे कैदेत, पण राणीसारखं. १५६९ पासून १५८४ पर्यंत, पंधरा वर्षं. टटबरी, विंगफील्ड, चॅट्सवर्थ, शेफील्ड असं फिरवत, कारण एवढ्या माणसांनी राहून एक घर घाण झालं की दुसरीकडे हलायचं आणि पहिलं धुऊन काढायचं. सरकारकडून खर्चाला आठवड्याला ५२ पाउंड, ते नंतर ३० वर आणले, वरचं सगळं अर्लच्या खिशातून. हा खर्च मागणारी अर्लची पत्रं म्हणजे नुसतं रडगाणं आहे, आणि खरं सांगायचं तर मला त्याची दया येते. खजिना रिकामा होतोय, घरात जासूस, कैदी पळाली तर डोकं जाणार, आणि हे सोडायचीही सोय नाही.

सुरुवातीच्या वर्षांत बेस आणि मेरी एकत्र बसून भरतकाम करायच्या. ती कापडं आहेत अजून, बरीचशी नॉरफकमधल्या ऑक्सबरो हॉलला. प्राणी, मासे, झाडं, वर लॅटिन वाक्यं. मेरीने काढलेलं एक पिवळसर-नारिंगी मांजर आहे, पायाशी उंदीर. एलिझाबेथ राणीचे केस कुठल्या रंगाचे होते ते आठवा म्हणजे मांजर कोण ते कळेल.

मग हळूहळू सगळंच फाटत गेलं. पैशावरून, मुलांवरून, मेरीवरून, आणि मुख्य म्हणजे जमिनीवरून. १५७२ मध्ये अर्लने एका दानपत्राने बेसच्या जुन्या जमिनी तिच्या धाकट्या दोन मुलांना, विल्यम आणि चार्ल्सला, लिहून दिल्या होत्या. त्या वेळी ते त्याच्या सोयीचंच होतं. दहा-बारा वर्षांनी पैशाची चणचण वाढल्यावर त्याला वाटलं आपण फसलो, मग त्या कुळांकडून भाडी वसूल करणं, माणसं पाठवून चॅट्सवर्थवर धडकणं, सगळं झालं. अर्लचं मेरीशी काहीतरी आहे अशी कुजबुज लंडनपर्यंत गेली आणि ती बेसनेच उठवली असं अर्ल म्हणायला लागला, बेस आणि मुलांना दरबारात शपथेवर सांगावं लागलं की आम्ही नाही. प्रकरण राणीपर्यंत गेलं, चौकशी बसली आणि ते दानपत्र खरं ठरलं. कागद परत जिंकला.

ह्या भांडणात अर्लने घरातल्या वस्तूंची यादी देऊन त्या परत मागितल्या, त्यात भिंतीवर टांगायचे मोठे भरतकामाचे पडदे होते. बेसचं उत्तर वाचण्यासारखं आहे. हे पडदे मी चर्चमधल्या जुन्या जरीच्या झग्यांचं कापड कापून करून घेतले, ते झगे सेंट लोच्या पैशांचे, काम केलं माझ्याकडच्या नोकरांनी, बायकांनी आणि पोरांनी, आणि भरतकाम करणारा पगारी कारागीर माझ्याकडे एका वेळी एकापेक्षा जास्त कधीच नव्हता. म्हणजे अर्लसाहेब, तुमचा ह्यात एक पैसा नाही. हेच पडदे आज हार्डविकला काचेमागे आहेत. पेनेलोपी, ल्युक्रेशिया, झेनोबिया, आर्टेमिशिया, सगळ्या पुराणातल्या-इतिहासातल्या बायका, बाजूला त्यांचे सद्गुण मूर्तिरूपात, आणि अंगावरची वस्त्रं म्हणजे कुठल्यातरी पाद्र्याने आल्टरपुढे घातलेला मखमली झगा. जवळून बघितलं तर मूळ नक्षी मधेच तुटून दुसरीकडे सुरू झालेली दिसते. ज्याने मठ मोडले त्याच्याच बायकोच्या घरात मठांचं कापड, ह्यात तिला काही खुपलं असेल असं वाटत नाही.

अर्ल १५९० च्या नोव्हेंबरात गेला. भाऊ जेम्स कर्जात बुडून आधीच वारला होता, तेव्हा हार्डविकची जमीन बेसने १५८३ लाच ९,५०० पाउंडांना घेऊन टाकली होती, आणि जुन्या घराच्या जागी मोठा हॉल बांधायलाही घेतला होता. आता चार नवऱ्यांचा वाटा हातात आल्यावर हिने काय करावं? तो जुना हॉल अजून पुरा झालेला नाही, आणि त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर नवा हॉल सुरू केला. दोन्ही बांधकामं एकदम चालू. रॉबर्ट स्मिथसन हा त्या काळचा बडा वास्तुकार, आराखडा त्याचा. ४ ऑक्टोबर १५९७ ला राहायला गेली, वय सत्तरच्या घरात.

घरात वर चढत जाता तशी खिडक्यांची उंची वाढत जाते, तळमजल्याच्या सगळ्यात छोट्या, सगळ्यात वरच्या प्रचंड. म्हणजे महत्त्वाची दालनं सगळ्यात वर. दगडी जिना वळणं घेत घेत जातो, रुंद, कमी उंचीच्या पायऱ्या, भिंतींवर टॅपेस्ट्रीज, म्हणजे चित्रं विणलेले मोठे पडदे, आणि शेवटी ते हाय ग्रेट चेंबर. वरच्या अर्ध्या भिंतीवर फिरून प्लास्टरमध्ये उठवलेलं जंगल आहे, डायना देवी, हरणं, शिकारी, हत्ती-सिंहसुद्धा, एके काळी भडक रंगवलेलं आणि आता फिकट झालेलं. शेकोटीवर राणीचं राजचिन्ह. कारण हे सगळं राणी एलिझाबेथ कधीतरी येईल म्हणून. ती कधीच आली नाही.

त्याच मजल्यावर लाँग गॅलरी, ५१ मीटर लांब. पावसाळी हवेत फेऱ्या मारायला केलेली खोली, इंग्लंड म्हटल्यावर ती लांबच लागणार. तिथल्या १३ टॅपेस्ट्रीज बायबलमधल्या गिडियनच्या गोष्टीच्या, प्रत्येक जवळजवळ सहा मीटर उंच. ह्या मूळच्या सर क्रिस्टोफर हॅटनच्या, राणीच्या लाडक्या चॅन्सेलरच्या. तो कर्ज ठेवून मेला तेव्हा बेसने १५९२ ला लंडनला जाऊन त्याच्या वारसाकडून ३२६ पाउंडांच्या आसपास सौदा केला आणि वर आणखी ५ पाउंड कापून घेतले, का तर त्याच्यावर हॅटनचं घराणेचिन्ह आहे, ते बदलायला मला खर्च येणार. बदललं कसं? रंगवलेल्या कापडाचे तुकडे लावून त्यावर आपलं चिन्ह. आणि हॅटनच्या चिन्हातल्या हरिणीला शिंगं चढवून कॅव्हेंडिशांचा काळवीट करून टाकला. मला तर वाटतं बेसची अख्खी गोष्ट त्या शिंगांत आहे. ह्या टॅपेस्ट्रीज स्वच्छ करून सांधायचं काम नॅशनल ट्रस्टने, म्हणजे जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेने, २४ वर्षं चालवलं, २०२३ मध्ये शेवटची परत भिंतीवर चढली.

एवढं कौतुक केलं, आता दुसरी बाजू. हाच वाडा तिच्या नातीसाठी तुरुंग होता. बेसची मुलगी एलिझाबेथ, तिचं लग्न बेसने १५७४ मध्ये घाईघाईत चार्ल्स स्टुअर्टशी लावून दिलं, ज्याच्या अंगात राजघराण्याचं रक्त. राणी भडकली, मुलाच्या आईला टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदेत टाकलं. पुढच्या वर्षी आर्बेला झाली, आई-बाप दोघंही ती सात वर्षांची व्हायच्या आत गेले, आणि बेसच्या हातात आली इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगू शकणारी नात. तिला भाषा, संगीत सगळं शिकवलं, घरात 'माझं रत्न' म्हणून मिरवलं आणि डोळ्यांआड होऊ दिलं नाही. सत्तावीस वर्षांची बाई, लग्न नाही, कुठे जायचं नाही. १६०२ च्या ख्रिसमसला तिने गुपचूप स्वतःच्या लग्नाचा निरोप धाडला, तो फुटला, राणीचा माणूस चौकशीला आला. मग मार्च १६०३ मध्ये पळून जायचा बेत. मदतीला कोण, तर मामा हेन्री, बेसचा थोरला मुलगा, ज्याला ती पत्रांत सरळ 'माझा वाईट मुलगा' म्हणते. तो माणसं-घोडे घेऊन शेजारच्या ऑल्ट हकनॉल गावात दबा धरून बसला आणि इकडे बेसने नातीला फाटकाबाहेर सोडलंच नाही. म्हातारीने मृत्युपत्रातून दोघांची नावं कापली. आर्बेलाचं पुढे काही चांगलं झालं नाही. १६१० ला मनाने लग्न केलं, १६११ ला पुरुषी वेषात पळाली, समुद्रात पकडली गेली, १६१५ ला टॉवरमध्ये मेली.

बेस गेली १३ फेब्रुवारी १६०८ ला, कडाक्याच्या थंडीत. असं भाकीत होतं म्हणे की बांधकाम चालू आहे तोवर ती मरणार नाही, आणि त्या फेब्रुवारीत एवढं गोठलं की गवंड्यांचा चुना कालवला जाईना, उकळती बिअर ओतून बघितली तरी नाही. दंतकथाच, पण तिला शोभते. कबर डर्बीच्या कॅथीड्रलमध्ये आहे, तीही जिवंतपणीच बांधून घेतलेली. दुसऱ्यांवर सोडली असती तर डिझाइन कुणी बिघडवलं असतं, काय भरवसा.

मधल्या मुलाच्या, विल्यमच्या, वंशातून डेव्हनशरचे ड्यूक झाले, ते चॅट्सवर्थला राहायला लागले आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या पाडापाड-बांधाबांध करत बसले. हार्डविक पडलं बाजूला, नावापुरतं दुसरं घर. कुणी फॅशनप्रमाणे बदलायला गेलं नाही म्हणून टिकलं. जुन्या हॉलचं नशीब उलट, दगडांसाठी तो मोडून खाल्ला, आज छप्पर नाही, पण चौथ्या मजल्याच्या उंचीवर शेकोटीवरचे प्लास्टरचे दोन राक्षस अजून उघड्यावर लोंबतायत, ते नक्की बघा.

जाणार असाल तर दोन-तीन गोष्टी. वरच्या मजल्यावर कापडांसाठी उजेड कमी ठेवतात, त्यामुळे मळभाच्या दिवशी अर्धं दिसतच नाही, स्वच्छ ऊन बघून जा. 'मेरी क्वीन ऑफ स्कॉट्सची खोली' अशी पाटी दिसेल तिथे भावुक होऊ नका, त्या बाईला इथे कधी पाऊल टाकणं शक्यच नव्हतं, तिला १५८७ ला मारलं आणि हे घर सुरू झालं १५९० ला. आणि कॅफेत स्कोन खाऊन लगेच मोटरवेला लागू नका. ऑल्ट हकनॉलचं चर्च गाडीने पाच-दहा मिनिटांवर आहे, हेन्रीमामा जिथे घोडे घेऊन वाट बघत बसला होता त्याच गावातलं. आत जमिनीवर काळ्या दगडाची एक साधी फरशी आहे, तिच्याखाली तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज. आयुष्यभर ह्याच कॅव्हेंडिशांच्या घरी शिकवणी आणि सेक्रेटरीगिरी करून १६७९ ला एक्क्याण्णव वर्षांचा होऊन हार्डविकलाच वारला. आम्ही गेलो तेव्हा चर्चला कुलूप होतं आणि बाबा हिरमुसले, तेव्हा उघडं असतं का ते आधी बघून जा.